गुलाबाची कुंडी आणि प्रचंड हात

चारचौघांसारखे वागण्याचा आग्रह धरणाऱ्या समाजात आपले वेगळेपण जपू पाहणारी एकटी व्यक्ती, हा लघुपटकारांना वर्षानुवर्षे खुणावत आलेला विषय आहे, आणि चित्रपटकला शिकणाऱ्यांच्या पहिल्या प्रयत्नांत तो जितक्या वेळा निवडला जातो जवळजवळ तितक्याच वेळा फसतोही. राखाडी कपड्यांतली गर्दी आणि तिच्यात लाल सदरा घातलेला एकजण, सगळे उजवीकडे जात असताना डावीकडे निघालेला नायक, शेवटी मुखवटा काढून फेकणारा हात, अशा प्रतिमांमधून दिग्दर्शकाला काय म्हणायचे आहे हे पहिल्याच मिनिटात कळते, मात्र तो लाल सदरेवाला कोण, त्याला नेमके काय हवे आहे आणि ते मिळाले नाही तर त्याचे काय बिघडते, हे शेवटच्या मिनिटापर्यंत कळत नाही. दोन-अडीच तासांच्या कथाचित्राला नायकाचे घर, नोकरी, नातेवाईक आणि भूतकाळ दाखवून ही उणीव भरून काढता येते. दहा-वीस मिनिटांच्या लघुपटाला ती सवड नसल्यामुळे त्याला व्यक्तीचे व्यक्तिपण एखाद्या वस्तूत, एखाद्या कामात किंवा एखाद्या सवयीत साठवावे लागते आणि समाजाचा दबाव डोळ्यांना दिसेल अशा रूपात आणावा लागतो.

दबावाला रूप देण्यापूर्वी त्याचे स्वरूप समजून घेतलेले बरे. समूहाशी जुळवून घेण्यासाठी आपले मत, निर्णय किंवा वर्तन बदलण्याच्या प्रवृत्तीला समाजशास्त्रात अनुरूपता म्हणतात, आणि ही प्रवृत्ती हाच ज्या समाजात सद्गुण मानला जातो त्याला गतानुगतिक समाज म्हणता येईल. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी 1950च्या दशकाच्या सुरुवातीला केलेले प्रयोग या संदर्भात नेहमी सांगितले जातात. एका रेषेइतक्याच लांबीची रेषा तीन रेषांमधून ओळखायची, इतके सोपे काम त्यांनी दिले होते, पण खोलीतील एक व्यक्ती सोडून बाकी सगळे प्रयोगकर्त्यांना सामील होते आणि ठरवून चुकीचे उत्तर देत होते. ज्या फेऱ्यांत बहुमत चुकीचे होते त्यांतील साधारण एक तृतीयांश उत्तरांत त्या एकट्या व्यक्तीने डोळ्यांना दिसणारे सत्य बाजूला ठेवून बहुमताची री ओढली. याच प्रयोगमालेतील दुसरा निष्कर्ष कमी सांगितला जातो, आणि लघुपटकाराच्या दृष्टीने तोच अधिक मोलाचा आहे: खोलीत बरोबर उत्तर देणारी आणखी एक व्यक्ती असेल, तर बहुमतापुढे मान तुकवण्याचे प्रमाण मूळच्या सुमारे एक चतुर्थांशावर येते. एकट्याला सोबती मिळाला की बहुमताचा बराचसा जोर ओसरतो, म्हणून पडद्यावर व्यक्तीला पूर्ण एकटे ठेवायचे की तिला एखादा साथीदार द्यायचा, हा निर्णय भावनेचा वाटला तरी तो कथेतील शक्तींचे गणितच बदलून टाकणारा असतो.

हा दबाव दोन मार्गांनी येतो. एक मार्ग हुकमाचा, म्हणजे वरून आलेल्या आज्ञेचा, आमिषाचा आणि शिक्षेचा. दुसरा मार्ग सवयीचा, ज्यात कोणीही आज्ञा देत नाही आणि तरीही सगळे तसेच वागतात. चेक नाटककार आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले वात्स्लाव हावेल यांनी 1978 मधील एका प्रसिद्ध निबंधात भाजीविक्रेत्याचे उदाहरण घेतले आहे. हा दुकानदार कांद्या-गाजरांच्या शेजारी जगभरच्या कामगारांच्या एकजुटीची पाटी लावतो. त्या पाटीवर त्याचा विश्वास नसतो आणि ती कोणी वाचतही नाही, पण सगळे लावतात म्हणून तोही लावतो, आणि त्याने लावली म्हणून शेजारच्यालाही लावावी लागते. हुकमाचा दबाव पडद्यावर दाखवणे सोपे असते, कारण त्याला चेहरा असतो. भाजीवाल्याच्या पाटीतला दबाव दाखवणे फार अवघड. या विषयावरचे बहुतेक नवखे लघुपट सवयीच्या दबावाबद्दल बोलू पाहतात आणि चित्र मात्र हुकमाच्या दबावाचे काढतात, त्यामुळे ते धड कोठेच पोहोचत नाहीत.

हुकमाच्या दबावाचे सर्वांत नेमके चित्र ज्या लघुपटात सापडते तो हावेल यांच्याच देशातला आहे. यिर्झी त्रन्का यांचा ‘रुका’ म्हणजे ‘हात’ हा बाहुलीपट 1965 मध्ये तयार झाला. त्याची लांबी जेमतेम 18 मिनिटे असून त्यात संवाद नाहीत. त्रन्का यांचा जन्म 1912 मध्ये प्लझेन या शहरात झाला. तेथील ख्यातनाम बाहुलीनाट्यकार योसेफ स्कुपा यांच्या हाताखाली त्यांनी लहान वयात कला आत्मसात केली आणि प्राग येथील उपयोजित कलांच्या शाळेत शिक्षण घेऊन पुस्तकांचे चित्रकार म्हणून नाव मिळवले. बालसाहित्यातील चित्रांसाठी दिला जाणारा हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार त्यांना 1968 मध्ये मिळाला. दुसऱ्या महायुद्धानंतर ते चित्रपटाकडे वळले आणि अँडरसनची परीकथा, प्राचीन चेक दंतकथा, श्वाइक हा भोळाभाबडा शिपाई, शेक्सपियरचे ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ अशा विषयांवर त्यांनी बाहुलीपट केले. त्यांच्या कीर्तीचा पाया असलेले हे पट दुसऱ्यांच्या किंवा परंपरेच्या कथांवर उभे आहेत. ‘रुका’ची कथा मात्र त्यांची स्वतःची होती, आणि तो त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला.

कथा अगदी थोडक्यात सांगता येते. टोकदार टोपी घातलेला विदूषकासारखा एक छोटा कारागीर एका खोलीत राहतो, सकाळी उठतो, आपल्या गुलाबाच्या रोपाला पाणी घालतो आणि त्याच्यासाठी चाकावर मातीची कुंडी घडवतो. एके दिवशी एक प्रचंड हात खोलीत शिरतो आणि कुंडीची माती दाबून तिचा हात बनवतो. त्याला कुंड्या नकोत, स्वतःचा पुतळा हवा आहे. कारागीर नकार देतो, पुन्हा कुंडी घडवू लागतो, हात पुन्हा येतो. पैसा, दूरध्वनी, दूरचित्रवाणीवरील हातांच्या कीर्तीची चित्रमालिका, जाळीदार हातमोज्यातील मोहक स्त्रीचा हात, असे सगळे उपाय थकल्यावर तो कारागिराला पकडतो, दोऱ्या बांधून त्याची कठपुतळी करतो आणि सोनेरी पिंजऱ्यात बसवून त्याच्याकडून दगडाचा भव्य हात कोरून घेतो. मेणबत्तीवर दोऱ्या जाळून कारागीर निसटतो आणि घरी येऊन दारे-खिडक्या बंद करू लागतो, तेवढ्यात कपाटावर ठेवलेली गुलाबाची कुंडी डोक्यावर पडून तो मरतो. त्यानंतर तोच हात त्याच्यावर पदके ठेवतो, कपाटाची शवपेटी करतो आणि सन्मानाने त्याचा अंत्यविधी उरकून सलामी देतो.

या कथेतील पहिली शिकण्याजोगी गोष्ट अशी, की कारागीर बंडखोर नाही. त्याला हाताचा पराभव करायचा नाही, जग बदलायचे नाही, कोणाला काही पटवूनही द्यायचे नाही; त्याला कुंडी घडवायची आहे, कारण रोपाला कुंडी लागते. त्याची इच्छा लहान आणि इतरांना उपद्रव न देणारी असल्यामुळे हाताची मागणी अधिकच अवाजवी ठरते, आणि सत्तेला नेमके हेच का सहन होऊ नये हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात आपोआप उभा राहतो. स्वातंत्र्याचा जयजयकार करणारा नायक दाखवला असता, तर हाताला त्याची भीती वाटणे स्वाभाविक ठरले असते. कुंडी करणाऱ्याची भीती कशासाठी? लघुपटातील व्यक्तीला वेगळे विचार देण्यापेक्षा वेगळे काम देणे नेहमीच फलदायी असते, कारण विचार बोलून दाखवावे लागतात आणि काम नुसते दिसते.

दुसरी गोष्ट माध्यमाची आहे. बाहुलीपट स्टॉप मोशन या तंत्राने तयार होतो, म्हणजे बाहुलीची मुद्रा हाताने किंचित बदलायची, एक चौकट टिपायची, पुन्हा मुद्रा बदलायची, पुन्हा टिपायची. पडद्यावरच्या एका सेकंदाला 24 चौकटी लागतात, त्यामुळे 18 मिनिटांच्या चित्रपटात सुमारे 26,000 चौकटी होतात, आणि प्रत्येक मुद्रा दोनदा टिपली असे धरले तरी बाहुलीला सुमारे 13,000 वेळा माणसाचा हात लागतो. एरवी हा हात प्रेक्षकापासून लपवला जातो. त्रन्का यांनी तो पडद्यावर आणला, तोही बाहुलीचा नव्हे तर माणसाचा खराखुरा हात, आणि त्यामुळे ज्या हाताने बाहुलीला चालवले जाते त्याच हाताविरुद्ध बाहुली उभी राहते. दिग्दर्शक स्वतःही कोणाला तरी नाचवत असतो, ही अस्वस्थ करणारी जाणीव या रचनेत मुरलेली आहे, आणि या विषयावरच्या फारच थोड्या चित्रपटांत ती आढळते. सामान्यतः लघुपटकार स्वतःला निःशंकपणे गुलाबाच्या बाजूला उभे करतो.

चेहऱ्याबाबतही त्रन्का यांचा आग्रह ठाम होता. त्यांच्या बाहुल्यांचा चेहरा बदलत नाही, ओठ हलत नाहीत, डोळे एकाच भावाने पाहत राहतात. प्रकाशाचा कोन, मानेचा कल आणि कॅमेऱ्याचे अंतर यांतूनच प्रेक्षकाला दुःख किंवा भीती जाणवते. हाताला तर चेहराच नाही, त्याला फक्त हातमोजे आहेत, आणि हातमोजा बदलला की त्याची नीती बदलते. एकाच अवयवातून विनवणी, लालूच, धमकी आणि सन्मान हे चारही भाव व्यक्त होत असल्यामुळे प्रेक्षकाला हे पटते की सन्मान हा धमकीचाच पुढचा प्रकार आहे. वात्स्लाव त्रोयान यांच्या संगीताने शब्दांची उणीव भासू दिलेली नाही, आणि शब्द नसल्यामुळेच हा हात कोणत्याही एका राजवटीचा राहिलेला नाही.

तरीही ज्या भूमीत तो घडला तिचा संदर्भ विसरता येत नाही. प्रागमध्ये लेतना टेकडीवर स्टालिनचा 15 मीटरांहून उंच पुतळासमूह 1 मे 1955 रोजी उघडण्यात आला. त्याचे शिल्पकार ओताकार श्वेत्स यांनी अनावरणापूर्वीच आत्महत्या केली होती, आणि 1962 मध्ये तो पुतळासमूह स्फोटकांनी उडवून देण्यात आला. पुतळा कोरण्याचा हुकूम, त्याखाली चिरडला गेलेला कलावंत आणि नंतर पुतळ्याचीही नामुष्की, हे सगळे ‘रुका’च्या आधीच्या दहा वर्षांत प्रागच्या नागरिकांनी पाहिले होते. चेकोस्लोव्हाकियातील चित्रपट उद्योग तर ऑगस्ट 1945 पासूनच सरकारी मालकीचा होता, त्यामुळे हाताविरुद्धचा हा चित्रपट हाताच्याच पैशाने तयार झाला, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. 1960च्या दशकाच्या मध्यास राजवटीची पकड काहीशी सैल झाली होती म्हणून तो प्रदर्शितही होऊ शकला. ऑगस्ट 1968 मध्ये वॉर्सा करारातील देशांच्या फौजा शिरल्या, 30 डिसेंबर 1969 रोजी त्रन्का यांचे निधन झाले, त्यांचा अंत्यविधी प्लझेनमध्ये मोठ्या सार्वजनिक सन्मानाने पार पडला आणि त्यानंतर लवकरच ‘रुका’वर बंदी आली. ती सुमारे दोन दशके टिकली. पटकथेतील शेवटचा प्रसंग लेखकाच्याच वाट्याला यावा, इतका क्रूर योगायोग कोणत्याही लघुपटकाराने कागदावर लिहिला असता तर तो भडक ठरला असता.

‘रुका’ची मर्यादाही नोंदवली पाहिजे. त्यात कारागीर पूर्णपणे निष्पाप आहे आणि दबाव पूर्णपणे बाहेरचा आहे. हावेल यांचा भाजीवाला त्यात कोठेही बसत नाही. शेजारपाजार, रस्ता, दुकान, ट्राम यांत पसरलेली गतानुगतिकता दाखवायची तर रोमान पोलान्स्की यांच्या ‘दोन माणसे आणि एक कपाट’ या 1958 मधील लघुपटाकडे वळावे लागते. पोलंडमधील वूच येथील चित्रपट विद्यालयात शिकत असताना केलेल्या या सुमारे 15 मिनिटांच्या पटात दोन माणसे समुद्रातून एक आरसेजडित कपाट घेऊन बाहेर येतात आणि गावात वावरू पाहतात. ट्राममध्ये कपाट चालत नाही, उपाहारगृहात चालत नाही, हॉटेलात चालत नाही. त्यांना दाराशी अडवणाऱ्यांपैकी कोणीही दुष्ट नाही, प्रत्येकाचे कारण आपापल्या परीने रास्तच आहे, आणि तरी या सगळ्या रास्त कारणांची बेरीज अशी होते की दोघांना मार खाऊन पुन्हा समुद्रात जावे लागते. त्याच गावात पाकीटमारी आणि खून मात्र बिनबोभाट चाललेले असतात. अ‍ॅश यांच्या प्रयोगातला सोबती येथे आहे, आणि म्हणूनच या दोघांच्या वाट्याला हार आली तरी ते आपले कपाट टाकून देत नाहीत. क्रिश्तोफ कोमेदा यांच्या जॅझ संगीतावर चालणाऱ्या या पटात कपाटात काय आहे हे एकदाही सांगितलेले नाही. सांगितले असते तर सगळेच ढासळले असते.

नॉर्मन मॅक्लॅरन आणि क्लोद जुत्रा यांचा कॅनडातील ‘अ चेअरी टेल’ (1957) हा याच कुळातला हलकाफुलका लघुपट आहे. त्यात एक खुर्ची स्वतःवर कोणाला बसू देत नाही, आणि बसू पाहणाऱ्या तरुणाने आधी तिला आपल्यावर बसू दिल्यावरच ती राजी होते. त्याला पंडित रविशंकर यांचे सतारवादन आणि चतुरलाल यांच्या तबल्याची साथ आहे.

प्रागमधील बाहुलीपटांच्या परंपरेचा एक धागा थेट मुंबईपर्यंत येतो. ओडिशात जन्मलेले प्रमोद पती यांनी प्रागमध्ये त्रन्का यांच्याकडे बाहुलीपटाचे शिक्षण घेतले आणि पुढे ते मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये काम करू लागले. 1948 मध्ये स्थापन झालेल्या या सरकारी संस्थेचे माहितीपट व वार्तापट चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी सक्तीने दाखवले जात, आणि त्या वेळात बाहेर चहा-विडी उरकून घेणारे प्रेक्षकही तितक्याच नेमाने असत. अशा संस्थेत व्यक्तिस्वातंत्र्याला जागा असेल असे वाटत नाही. तरी 1960च्या दशकाच्या उत्तरार्धात जहांगीर भावनगरी यांच्यासारख्या अधिकाऱ्यांच्या प्रोत्साहनाने तेथे काही काळ प्रयोगांना मोकळीक मिळाली आणि पती यांनी ‘एक्स्प्लोरर’ (1968) व ‘आबिद’ (1972) हे लघुपट केले. ‘आबिद’मध्ये चित्रकार आबिद सुरती एका खोलीच्या भिंती रंगांनी भरून टाकतात, आणि हे सर्व पिक्सिलेशन या तंत्राने, म्हणजे जिवंत माणसालाच बाहुलीप्रमाणे चौकटीचौकटीने हलवून टिपलेले आहे. त्रन्का यांच्या कारागिराला दोऱ्यांनी कठपुतळी केले जाते. पती यांच्या चित्रपटात जिवंत कलावंत बाहुलीसारखा हलतो आणि तरीही खोली त्याचीच असते. एका सरकारी कार्यालयाच्या खर्चाने निघालेला हा पाच-सहा मिनिटांचा पट मतभेदाचा एकही शब्द उच्चारत नाही. याच पती यांनी ही हातोटी कुटुंबनियोजनाच्या प्रचारपटांतही वापरली होती, आणि सरकारी चौकटीत राहून तिच्या कडा रुंदावण्याचे असे उदाहरण दुर्मीळ आहे.

समूहाने एकत्र येणे म्हणजे व्यक्तीचा नाशच, असा सोपा निष्कर्ष मात्र यातून काढू नये. मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे यांचा ‘एक अनेक और एकता’ (1974) हा सचेतनपट दूरदर्शनच्या एका पिढीला पाठ आहे. पारध्याच्या जाळ्यात सापडलेले पक्षी त्यात एकजुटीने जाळे घेऊन उडतात. प्रत्येक पक्षी स्वतःच्या पंखांनी उडतो म्हणून जाळे उचलले जाते, ही गोष्ट लक्षात घेतली तर एकता आणि एकसारखेपणा यांतील फरक ध्यानात येतो, आणि लघुपटकाराला गर्दी रंगवताना तो फरक सांभाळावा लागतो.

मराठी लघुपटकारासमोर आणखी एक प्रश्न उभा राहतो, जो प्राग किंवा वूच येथे या स्वरूपात नव्हता. नागराज मंजुळे यांच्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटाला 58व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत दिग्दर्शकाच्या पदार्पणातील सर्वोत्कृष्ट कथाबाह्य चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. गावकुसाबाहेरच्या, पोटासाठी चोरीच्या वाटेला लावल्या गेलेल्या मुलाला त्यात शाळेत जाण्याची ओढ लागली आहे. सर्वांसारखे बाकावर बसणे, सर्वांसारखी पाटी हातात घेणे, हेच येथे व्यक्तीचे स्वप्न आहे. गणवेश, रांग आणि हजेरीपट ही पाश्चात्त्य लघुपटांत गतानुगतिकतेची ठरलेली चिन्हे असतात. ज्याला जातीने रांगेबाहेरच ठेवले आहे त्याच्यासाठी मात्र रांगेत उभे राहण्याचा हट्ट हाच आपले वेगळे माणूसपण सिद्ध करण्याचा मार्ग ठरतो. त्याच्यावरचा दबाव हुकमाचाही आहे आणि सवयीचाही, शिवाय तो त्याच्या जन्माआधीच ठरलेला आहे. राखाडी गर्दी आणि लाल सदरा हे उसने चित्र महाराष्ट्रातल्या गावात नेऊन ठेवले तर ते खोटे ठरते, कारण येथे लाल सदरा कोणी आवडीने घातलेला नसतो, अनेकदा तो इतरांनी अंगावर चढवलेला असतो.

आज मोबाइलवर चित्रीकरण आणि संकलन दोन्ही होत असल्यामुळे लघुपटासाठी फिल्म्स डिव्हिजनची परवानगी किंवा प्रागमधील स्टुडिओ लागत नाही. पटकथा लिहिण्यापूर्वी दोन गोष्टी मात्र निश्चित कराव्या लागतात: आपल्या माणसाची कुंडी कोणती, आणि त्याच्यावर दबाव आणणारा हात कोणाचा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘समाज’ असे एका शब्दात येत असेल, तर ती पटकथा अजून चित्रीकरणासाठी तयार नाही.